यादीतील एक शब्द : न्यायालय, संसद आणि शासन

दरवर्षी जून महिना उजाडला की आमच्या निवासी शाळेच्या कार्यालयात प्रवेशाचे अर्ज भरणे सुरू होते. देवरी, चिचगड, ककोडी या बाजूच्या खेड्यांतून पालक मुलांना घेऊन येतात आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेले कागद टेबलावर मांडतात. टी.सी., रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि सर्वांत शेवटी जातीचे प्रमाणपत्र. एका वर्षी अर्ज भरताना एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, "सर, शासनाच्या कागदांवर 'अनुसूचित जाती व नवबौद्ध' असे का लिहितात? आपण अनुसूचित जातीत येतो, तर 'व नवबौद्ध' वेगळे कशाला?"

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखे नव्हते. त्या 'व' या एका अक्षरामागे सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आहे, संसदेचा एक कायदा आहे, राज्य शासनाचा एक निर्णय आहे आणि चौतीस वर्षांची प्रतीक्षा आहे. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात 'शासनाची तीन अंगे' हा पाठ आपण शिकतो, परीक्षेत त्याचे उत्तरही लिहितो. परंतु ही तीन अंगे एकमेकांशी कशी वागतात, हे आपल्याच घरातील कागदांवरून समजून घ्यावे, या हेतूने आम्ही हा लेख स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

यादी कोणाची?

कायदा करण्याचे काम विधिमंडळाचे, तो अमलात आणण्याचे काम कार्यपालिकेचे आणि त्याचा अर्थ लावून वाद मिटविण्याचे काम न्यायपालिकेचे, ही विभागणी सर्वांना ठाऊक आहे. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती यांच्या याद्यांच्या बाबतीत घटनाकारांनी ही विभागणी फार काटेकोरपणे आखली. संविधानाच्या अनुच्छेद ३४१ व ३४२ प्रमाणे प्रथम राष्ट्रपतींनी राज्यपालांशी विचारविनिमय करून यादी जाहीर करावयाची. एकदा ती जाहीर झाली की तिच्यात एखादे नाव घालणे अथवा तिच्यातून वगळणे हा अधिकार केवळ संसदेचा, आणि तोही कायदा करूनच. त्यानंतर राष्ट्रपतींनाही नवी अधिसूचना काढून ती यादी बदलता येत नाही.

१७ सप्टेंबर १९४९ रोजी संविधान सभेत या तरतुदी मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यामागील कारण स्पष्ट केले होते. एकदा प्रसिद्ध झालेल्या यादीत राजकीय सोयीसाठी ढवळाढवळ होऊ नये, म्हणून पुढील फेरबदल संसदेकडेच असावा, असा त्यांचा आशय होता. या तरतुदीनुसार अनुसूचित जातींचा आदेश १० ऑगस्ट १९५० रोजी आणि अनुसूचित जमातींचा आदेश ६ सप्टेंबर १९५० रोजी निघाला. या दोन तारखा विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवाव्यात, कारण लेखाच्या शेवटी आपल्याला पुन्हा त्यांच्याकडे यावयाचे आहे.

अनुसूचित जातींच्या आदेशात तिसरा परिच्छेद असा होता की, हिंदू धर्माहून भिन्न धर्म पाळणारी व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जाणार नाही. पंजाबातील काही शीख जातींचा त्यास अपवाद होता आणि १९५६ मध्ये संसदेने 'हिंदू' या शब्दापुढे 'शीख' हा शब्द सर्वांसाठी जोडला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबर रोजी नागपुरात धम्मदीक्षेचा सोहळा झाला. लाखो लोकांनी नवा मार्ग स्वीकारला आणि त्याच दिवशी, आदेशाच्या शब्दांप्रमाणे, ते यादीच्या बाहेर पडले. वस्ती तीच होती, गरिबी तीच होती, गावाची वागणूकही तीच होती. बदलला होता तो धर्माच्या रकान्यातील शब्द.

नागपूरचा खटला

१९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत नागपूरमधील एका राखीव मतदारसंघातून डॉ. डी. पी. मेश्राम हे महाराष्ट्र विधानसभेवर निवडून आले. त्यांच्या निवडीस आव्हान देण्यात आले. त्यांनी १९५७ मध्ये बौद्ध धम्माची दीक्षा घेतली असल्याने ते अनुसूचित जातीचे राहिलेले नाहीत आणि राखीव जागेवर उभे राहण्याचा हक्क त्यांना नाही, असा आक्षेप होता. निवडणूक न्यायाधिकरणाने तो मान्य केला, उच्च न्यायालयाने फेटाळला आणि अखेर प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. 'पंजाबराव विरुद्ध डी. पी. मेश्राम' या नावाने ते विधी-वाङ्मयात प्रसिद्ध आहे. निकाल १९६४ मध्ये लागला.

न्यायालयापुढे एक युक्तिवाद असा होता की, संविधानाच्या अनुच्छेद २५ मधील स्पष्टीकरणात 'हिंदू' या शब्दात शीख, जैन व बौद्ध यांचा समावेश केला आहे, तेव्हा आदेशातील 'हिंदू' या शब्दाचाही तसाच अर्थ घ्यावा. न्यायालयाने तो स्वीकारला नाही. ते स्पष्टीकरण सामाजिक सुधारणा व मंदिरप्रवेश यांविषयीच्या एका विशिष्ट उपखंडापुरते आहे, ते इतरत्र नेता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. एखादा धर्म 'पाळणे' म्हणजे तो उघडपणे जाहीर करणे, आणि ज्याने जाहीरपणे बौद्ध धम्म स्वीकारला तो आदेशाच्या दृष्टीने हिंदू राहिला नाही, असा निष्कर्ष निघाला. निवड रद्द झाली.

हा निकाल आपल्या वडीलधाऱ्यांना बोचला यात शंका नाही. ज्याने आपली श्रद्धा लपविली त्याची जागा सुरक्षित राहिली आणि ज्याने ती उघड सांगितली त्याची जागा गेली. अनेक कुटुंबांत घरात बुद्धांची प्रतिमा आणि सरकारी कागदावर 'हिंदू' असा दुहेरी संसार अनेक वर्षे चालला. तरीही अभ्यासक म्हणून आपण एक प्रश्न विचारला पाहिजे. न्यायालयाने दुसरे काय करावयास हवे होते? आदेशातील 'हिंदू' या शब्दाचा अर्थ त्याने सोयीप्रमाणे वाढविला असता, तर उद्या दुसरे एखादे न्यायालय तोच अर्थ सोयीप्रमाणे आखडूही शकले असते. यादीचे कुलूप सर्वांसाठी सारखेच असते.

राज्य शासनाचा 'व' आणि संसदेचा शब्द

मग वाट कोणती उरली? येथे कार्यपालिका व विधिमंडळ यांची भूमिका सुरू होते. महाराष्ट्र राज्याची स्थापना झाल्यानंतर राज्य शासनाने आपल्या अधिकारातील शैक्षणिक सवलती व राज्य सेवेतील राखीव जागा नवबौद्धांनाही लागू केल्या. राज्य शासनास राष्ट्रपतींची यादी बदलता येत नव्हती, म्हणून त्याने यादीला हात लावला नाही. यादीशेजारी 'व नवबौद्ध' असे शब्द लिहून त्याने आपल्या कक्षेपुरता मार्ग काढला. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हे आहे.

परंतु राज्याची कक्षा राज्यापुरतीच असते. रेल्वे, टपाल, बँका, केंद्राच्या सेवा आणि लोकसभा-विधानसभेच्या राखीव जागा यांची दारे त्या शब्दांनी उघडत नव्हती. ती उघडण्यासाठी दिल्लीपर्यंत मागणी न्यावी लागली. मोर्चे निघाले, निवेदने गेली, खासदारांनी प्रश्न मांडले. अखेर १९९० मध्ये, विश्वनाथ प्रताप सिंह यांचे शासन असताना, संसदेने घटना (अनुसूचित जाती) आदेशात दुरुस्ती केली आणि तिसऱ्या परिच्छेदात 'हिंदू, शीख' यांच्यापुढे 'बौद्ध' हा शब्द आला.

संसदेने १९६४ चा निकाल चुकीचा ठरविला असे झाले नाही, ही गोष्ट येथे नीट ध्यानात घ्यावी. न्यायालयाने जो शब्द वाचून निकाल दिला होता, तो शब्दच संसदेने बदलला. विधिमंडळाला न्यायालयाचा निकाल नुसता झिडकारता येत नाही. ज्या कायद्यावर तो निकाल उभा आहे तो कायदा मात्र त्यास आपल्या अधिकारात बदलता येतो. दोन्ही संस्थांचा मान राखणारा हा मार्ग आहे. मात्र १९५६ ते १९९० ही चौतीस वर्षे म्हणजे एक संपूर्ण पिढी होय. त्या पिढीतील कितीतरी हुशार मुलांच्या वयाची मर्यादा निघून गेली, ही किंमतही विसरता कामा नये. योग्य मार्ग उशिरा फळ देतो तेव्हा त्या उशिराचा भार सर्वांत दुबळ्या माणसाच्या खांद्यावर पडतो.

देवरीच्या वेशीवरील रेषा

आमच्या शाळेत बौद्ध मुलांबरोबर गोंड व हलबा समाजाची मुलेही एका पंक्तीत जेवतात. त्यांच्या कागदांची कथाही याच धड्याचा भाग आहे.

१९५० च्या जमातींच्या आदेशात जमातीच्या नावाबरोबर प्रदेशही नमूद केला होता. विदर्भात अमरावती जिल्ह्यातील मेळघाट, चांदा जिल्ह्यातील गडचिरोली व सिरोंचा आणि यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर, वणी व यवतमाळ एवढ्याच तहसिलांत राहणाऱ्यांना ती यादी लागू होती. देवरी त्या वेळी भंडारा जिल्ह्यात होते. गोंदिया हा वेगळा जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. म्हणजे शेजारच्या गडचिरोली तहसिलातील गोंड हा अनुसूचित जमातीचा, आणि त्याचाच सोयरा असलेला देवरीकडील गोंड मात्र यादीबाहेर! लग्नसंबंध एक, देव एक, बोली एक. मधून गेली होती ती तहसिलाची सीमा.

ही रेषाही कोणा अधिकाऱ्याने अथवा न्यायालयाने पुसली नाही, कारण तसा अधिकार त्यांना नव्हता. संसदेने १९७६ मध्ये अनुसूचित जाती व जमाती आदेश (दुरुस्ती) अधिनियम करून बहुतेक ठिकाणचे हे क्षेत्रबंधन काढले, तेव्हा कुठे देवरी परिसरातील आदिवासींचे नाव खऱ्या अर्थाने यादीत आले. आज देवरीत आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे आणि आमगाव-देवरी परिसराचा विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. या गोष्टी आपण नित्याच्या समजतो, परंतु त्यांच्या मुळाशी हा कायदा आहे.

'हलबा' म्हणजे कोण?

क्षेत्रबंधन उठल्यावर नवा वाद उभा राहिला. यादीत 'हलबा, हलबी' अशी नोंद आहे. विदर्भातील विणकरी करणाऱ्या कोष्टी समाजातील अनेकांनी आपण 'हलबा-कोष्टी' असून मूळचे हलबाच आहोत, असा दावा केला. काहींना प्रमाणपत्रे मिळाली, काहींची पडताळणी समितीने नाकारली, आणि प्रकरणे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेली.

त्यांपैकी 'महाराष्ट्र शासन विरुद्ध मिलिंद' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २८ नोव्हेंबर २००० रोजी निकाल दिला. यादी जशी आहे तशीच वाचली पाहिजे. एखादी जात यादीतील जमातीचाच भाग आहे, हे पुरावा घेऊन ठरविण्याचा अधिकार राज्य शासनास नाही, समितीस नाही आणि न्यायालयासही नाही, असे घटनापीठाने सांगितले. न्यायालयाने येथे शासनाबरोबर स्वतःचेही हात बांधून घेतले आहेत. मात्र ज्याच्या प्रवेशावरून खटला झाला त्याचे वैद्यकीय शिक्षण पूर्ण होऊन बराच काळ लोटला होता. समाजाने त्या शिक्षणावर केलेला खर्च वाया जाऊ नये म्हणून न्यायालयाने त्याची पदवी कायम ठेवली, परंतु यापुढे जमातीचा लाभ घेता येणार नाही असेही बजावले.

या वादात दोन्ही बाजूंना माणसेच आहेत, हे आम्ही विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. विणकराचा माग बंद पडला आणि त्याच्या मुलास आधार हवा होता, हे खरे आहे. त्याचबरोबर देवरीच्या जंगलपट्ट्यातील हलबा मुलाच्या वाट्याची जागा शहरातील दुसऱ्या कोणास गेली तर त्याने कोठे जावे, हाही प्रश्न तितकाच खरा आहे. कोणाची गरज किती, हे ठरवून यादी बदलण्याचे ठिकाण संसद आहे.

पोकळी कोणी भरावी?

आता उलट बाजू पाहू. कायदाच नसेल तर न्यायालयाने काय करावे? १९९४ पूर्वी जातप्रमाणपत्रांच्या पडताळणीसाठी राज्यात कायदा नव्हता, केवळ शासकीय आदेश होते. 'कुमारी माधुरी पाटील' प्रकरणात, महादेव कोळी जमातीच्या दाव्याचा विचार करताना, सर्वोच्च न्यायालयाने २ सप्टेंबर १९९४ रोजी पंधरा निर्देश घालून दिले. पडताळणी समिती कशी असावी, दक्षता पथकाने चौकशी कशी करावी, किती मुदतीत निर्णय द्यावा, हे सर्व त्यांत होते. हे काम वस्तुतः विधिमंडळाचे होते.

पुढे महाराष्ट्र विधिमंडळाने स्वतःचा कायदा केला. जातप्रमाणपत्र देणे व त्याची पडताळणी यांचे विनियमन करणारा हा अधिनियम १८ ऑक्टोबर २००१ पासून अमलात आला. दावा सिद्ध करण्याची जबाबदारी त्याने दावा करणाऱ्यावर टाकली आणि खोट्या प्रमाणपत्राचे लाभ काढून घेण्याची तरतूद केली. २०११ मध्ये 'दयाराम विरुद्ध सुधीर बाथम' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच निर्देशांकडे मागे वळून पाहिले. विधिमंडळ कायदा करीपर्यंतची तात्पुरती व्यवस्था म्हणून ते योग्य होते, असे त्याने म्हटले. मात्र कायद्याने दिलेला अपिलाचा हक्क काढून घेणारा त्यांतील एक भाग न्यायालयाने स्वतःच अवैध ठरविला. आपली मर्यादा आपणच मान्य करण्याचे हे उदाहरण विद्यार्थ्यांनी अभ्यासावे असे आहे.

६ जुलै २०१७ च्या 'जगदीश बहिरा' प्रकरणातील निकालात न्यायालय आणखी एक पाऊल पुढे गेले. प्रमाणपत्र अवैध ठरल्यावर केवळ सहानुभूतीने नोकरीस संरक्षण देता येणार नाही, कारण लाभ काढून घ्यावेत असे विधिमंडळाने कायद्यातच लिहिले आहे. पूर्ण न्याय करण्याचा अनुच्छेद १४२ खालील विशेष अधिकारही अशा स्पष्ट कायद्याविरुद्ध वापरता येणार नाही, असे त्यात ठरले. त्यामुळे हजारो रिक्त होणाऱ्या पदांचा व त्या पदांवरील कुटुंबांचा प्रश्न शासनापुढे आला. २१ डिसेंबर २०१९ च्या निर्णयाने शासनाने अशा कर्मचाऱ्यांना 'अधिसंख्य' पदांवर वर्ग करून मूळ राखीव पदे खऱ्या हक्कदारांसाठी मोकळी करण्याचा मार्ग धरला. निकाल न्यायालय देते, परंतु त्याची अंमलबजावणी कार्यपालिकेच्या हाती असते, हे येथे स्पष्ट दिसते.

समित्यांवरही न्यायालयाची देखरेख राहते. २४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठाकूर जमातीच्या प्रकरणात सांगितले की, आप्तभाव चाचणी, म्हणजे चालीरीती, बोली, देवदेवता यांविषयीची विचारपूस, ही एकमेव कसोटी मानता येणार नाही. शिकून शहरात गेलेल्या मुलास आजोबांचे सर्व विधी सांगता आले नाहीत, म्हणून त्याची जमात खोटी ठरत नाही.

आपल्या घरातील कागद

एवढ्या विवेचनानंतर व्यवहाराकडे वळू. यादी संसद करते, प्रमाणपत्र उपविभागीय अधिकारी देतो, वैधता समिती तपासते आणि त्यावर आक्षेप असल्यास उच्च न्यायालयात दाद मागता येते. या चारही ठिकाणी उपयोगी पडतो तो घरातील जुना कागद. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा आणि अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मोलाचा ठरतो. आजोबा-पणजोबांच्या शाळेतील दाखल-खारीज नोंद, कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूची नक्कल, जमिनीचे अधिकार अभिलेख, सेवापुस्तिका यांपैकी जे मिळेल ते पालकांनी आताच मिळवून ठेवावे. बारावीनंतर प्रवेशाच्या ऐन वेळी धावपळ करणाऱ्या कुटुंबांची दमछाक आम्ही पाहिली आहे. ज्या बौद्ध कुटुंबांच्या नोंदीत केवळ 'बौद्ध' असे लिहिले आहे, त्यांनी मूळ जात दर्शविणारा वडिलांकडील पुरावा विशेष काळजीने जपावा. केंद्राच्या यादीचा लाभ मूळ जातीच्या नावानेच मिळतो.

आमच्या त्या विद्यार्थ्याला आम्ही शेवटी एवढेच सांगितले : 'व' हे अक्षर राज्य शासनाने लिहिले, कारण न्यायालयाने यादी जशी होती तशी वाचली आणि संसदेने ती तोवर बदलली नव्हती. १९९० नंतर केंद्राच्या यादीसाठी त्या 'व' ची गरज उरली नाही, तरी राज्याच्या कागदांवर ते टिकून आहे. त्याने पुन्हा विचारले, "मग ते खोडून टाकायचे काय?" वर्गातील मुलांनी दोन्ही बाजूंनी मते दिली. त्या चर्चेचा निर्णय आम्ही दिला नाही.

विद्यार्थ्यांनी विचार करावा असे प्रश्न

१. १९६४ मध्ये न्यायालयाने 'हिंदू' या शब्दाचा अर्थ विस्तारला असता, तर त्याचे तात्कालिक व दूरगामी परिणाम काय झाले असते?

२. राज्य शासनाने 'व नवबौद्ध' असे लिहून कोणती मर्यादा पाळली व कोणती गरज भागविली?

३. १९९४ चे निर्देश व २००१ चा कायदा यांची तुलना करा. न्यायालयाने किती काळ विधिमंडळाचे काम करावे?

४. आपल्या घरातील सर्वांत जुना सरकारी कागद कोणता आहे? वडीलधाऱ्यांना विचारून त्यावरील नोंद वहीत उतरवा.